राहिलेलं माप

डायलिसिसची शेवटची पाळी संपली. पलंग रिकामे झाले. मशीन दुरुस्त करणारे काका चहाचा कप घेऊन टेकले, तसे दोन्ही नवे टेक्निशियन गोष्ट सांगा म्हणून त्यांच्या मागे लागले.

"सांगतो, पण फिदीफिदी करायचं नाही. माझ्या ओळखीतला माणूस. तुमच्यासारखाच टेक्निशियन. अठरा नोव्हेंबर, शनिवार, रात्रीचे अकरा चाळीस. रक्ताच्या नळ्यांचा डबा तळघरातल्या फ्रीजरमध्ये ठेवून घरी जायचं, एवढंच काम होतं त्याला."

किडनी निकामी झालेल्यांच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियमचा चुना साचत जातो, पार हृदयापर्यंत. रक्तातल्या कोणत्या खुणांवरून ते आधी कळेल, हे त्याच्या दवाखान्यातले डॉक्टर शोधत होते. अट एकच. पेशंटला मशीनला जोडण्याआधी रक्त काढायचं. मशीनने धुतलेलं रक्त खरं सांगत नाही.

पेशंटांत एक शिंपीकाका होते. भारी थट्टेखोर. "सुई तुझ्याही हातात, माझ्याही. पण मी आधी माप घेतो बरं का!"

ऑक्टोबरात एकदा तो टेक्निशियन त्यांचंच रक्त काढायला विसरला. आठवलं तेव्हा मशीन तासभर चालू होतं. सिस्टरसमोर कबूल करायचं त्याच्या जिवावर आलं. शेजारच्या तरण्या पेशंटच्या रक्ताची एक जास्तीची नळी होती. तिच्यावर त्याने शिंपीकाकांचं नाव चिकटवलं.

रिपोर्ट छान आला. डॉक्टर म्हणाले, "काका, हृदयाची तपासणी इतक्यात नको." शिंपीकाका इतके खूश, की त्यांनी याच्या पँटची उसवलेली शिवण हौसेने घालून दिली.

तीन आठवड्यांनी ते गेले. हृदयानेच.

"रिपोर्ट तर चांगला होता. असं कसं झालं?" डॉक्टर विचारत होते. हा नळ्या पुसत राहिला.

त्या शनिवारी तीच पँट घालून तो तळघरात उतरला. डबा ठेवला. फ्रीजर बंद केला. वळला.

खुर्चीवर शिंपीकाका. एक बाही वर दुमडलेली.

"आलास? घे."

"काका... तुम्ही तर..."

"माझं माप राहिलं ना?"

फ्रीजरची घरघर थांबली. आता तरी बोलावं... ओठ हलले. आवाज नाही.

"बरं. मग तुझं घेतो."

कोरडी बोटं. कोपराच्या आतल्या बाजूला काहीतरी गार ओढलं गेलं. दिवा गेला. आला.

खुर्ची रिकामी.

सकाळी त्याने डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी तो छान रिपोर्ट काढून त्याच्यापुढे ठेवला. तेच जास्त लागलं. मग शिंपीकाकांच्या घरी गेला. काकू एवढंच म्हणाल्या, "त्याच दिवशी बोलला असतास, तर आम्ही तपासणी केली असती रे."

मशीनवाल्या काकांनी गार झालेला चहा खाली ठेवला.

"आणि हातावर?" एका टेक्निशियनने हळूच विचारलं.

"रेघ. शिंप्याच्या खडूची असते ना, तशी पांढरी. थेट शिरेवर. किती घासली, जात नाही."

"काहीतरीच काका! कातडीचा रोग असेल."

"असेल. गेल्या महिन्यात त्याचं रक्त काढताना मी शेजारीच उभा होतो. लॅबच्या मुलीने त्या रेघेवर सुई टेकवली..."

"मग?"

"आत जाईना. जोर दिला. आणि आवाज आला..."

काकांनी कपाच्या कडेवरून नख ओढलं.

"पाटीवर खडू ओढावा, तसा."