सीट रिकामी आहे

जुनं पोकलेन घ्यायचं तर रंगावर जाऊ नये, वायरी बघाव्यात. हे मी सगळ्यांना सांगतो आणि कुणी ऐकत नाही, म्हणून माझं पोट चालतं. आताच्या पोकलेनमध्ये इंजिनाचा एक इलेक्ट्रॉनिक डबा असतो, पंपाचा एक, लिव्हरचा एक, अगदी सीटचासुद्धा एक. हे सगळे डबे पीळ दिलेल्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात. एकाने हाक मारली की दुसऱ्याने ओ द्यायची. ओ आली नाही की मशीन जागच्या जागी गप्प होतं. मग लोक इंजिन खोलून बसतात, हात काळे करून घेतात आणि शेवटी मला फोन करतात.

त्या दिवशी फोन मेव्हण्याचा होता. "दादा, पोकलेन पसंत केलंय. फक्त मी बसलो की बंद पडतंय. तुम्ही एकदा बघून जा, म्हणजे घेऊन टाकतो."

मेव्हणा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, पोकलेन चालवणारा. अंगाने असा आडदांड की लग्नातच आम्ही त्याचं नाव पहिलवान पाडलं. आमच्या घरच्या दोन खुर्च्या त्याने मोडल्यात. गेल्या हिवाळ्यात पाइप टाकायच्या चरात उतरला असताना कडेची माती त्याच्या अंगावर कोसळली. बाहेर काढून दवाखान्यात नेला तर डॉक्टरांनी तोंडावर चादर ओढली. धाकटी हात सोडायला तयार नव्हती. "मी यांना घरी नेणार, कुणी मध्ये येऊ नका," एवढंच म्हणत होती. बऱ्याच वेळाने चादर हलली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. आम्हीही फार खोलात गेलो नाही. माणूस परत आला, आणखी काय पाहिजे?

तेव्हापासून तो घरीच होता. हल्ली खुर्च्या मोडत नाहीत, आजारपणाने बारीक झालास, असं आम्ही त्याला चिडवायचो. दिसायला मात्र होता तेवढाच होता. रिकामा बसून बसून तो गप्प व्हायला लागला होता. धाकटी मला म्हणाली होती, "दादा, एकदा हे पुन्हा मशीनवर बसू देत. बसले तरच टिकतील." तिच्या बोलण्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

भर दुपारी मी जुन्या मशिनींच्या आवारात पोचलो. तापलेला पत्रा आणि ग्रीस यांचा वास नाकात बसत होता. आवाराचा मालक आधीच वैतागलेला होता.

"साहेब, आम्ही रोज चालवतो. कुणालाच त्रास नाही. यांनाच कसा होतो?"

"आजार डॉक्टरसमोर दिसतो का कधी?" मी म्हटलं.

सीटखालची जोडणी उघडली तर पिनांवर हिरवा गंज. सापडला चोर, म्हटलं. घासून साफ केल्या आणि लॅपटॉप लावला. सगळे डबे शहाण्या मुलांसारखे ओ द्यायला लागले. ही सीट बसणाऱ्याचं वजन मोजते. सीटवर कुणी नसेल तर लिव्हर चालत नाहीत, म्हणजे चुकून धक्का लागून कुणाच्या डोक्यात बकेट पडायला नको. मी बसलो. स्क्रीनवर माझं वजन आलं. मालक बसला, त्याचंही आलं आणि तो जरा लाजला.

मग पहिलवान बसला.

स्क्रीनवर आलं, सीट रिकामी आहे. वजन शून्य.

"बघा, माझीच खोड काढतंय," तो हसला.

शेजारच्या मशीनची सीट काढून बसवली. तेच. सीटवर बॅटरी ठेवून पाहिली, तिचं वजन बरोबर आलं. मग पहिलवानाला बसवलं आणि बॅटरी त्याच्या मांडीवर दिली. स्क्रीनवर बॅटरीचं वजन आलं. नुसत्या बॅटरीचं.

मालक चहा सांगायला गेला होता. बरं झालं.

मी बॅटरी उचलून खाली ठेवली आणि केबिनच्या दारातून वाकून बघितलं. मी बसलो होतो तेव्हा सीटचा फोम चांगला दोन बोटं दबला होता. पहिलवानाखाली तो जराही दबला नव्हता.

"जरा ऊठ," मी म्हटलं.

तो उठला. माझा रबरी हातमोजा सीटवरच राहिला होता. इतका वेळ पहिलवान त्याच्यावर बसला होता. मोजा फुगलेला होता, पाचही बोटं वर.

मी लॅपटॉप बघायचं सोंग केलं.

"दादा," तो म्हणाला. आता आवाजात थट्टा नव्हती. "दोष मशीनमध्येच आहे ना?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तोच रुंद चेहरा, हनुवटीवरचा तोच, माती कोसळली तेव्हाचा ओरखडा. तो अजून भरला नव्हता, हे मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच नीट बघत होतो.

"मशीनमध्येच आहे," मी म्हटलं. "दुसरीकडे कुठे असणार?"

सीटच्या डब्याला बगल देऊन मशीन चालवणाऱ्यांशी मी जन्मभर भांडलो आहे. त्या दुपारी मी स्वतःच्या हाताने सीटच्या डब्याची वायर तोडली आणि त्या जागी एक छोटी जोडणी बसवली, जी कायम एकच उत्तर देईल. वजन त्याचं जुनं टाकलं, हिवाळ्याच्या आधीचं.

स्क्रीनवर आलं, चालक बसलेला आहे.

पहिलवानाने बकेट उचलली, अलगद टेकवली, पुन्हा उचलली. त्याचे डोळे भरून आले होते. माझेही आले, आणि मला त्याची भीतीही वाटत होती. दोन्ही एकाच वेळी.

संध्याकाळी त्याला घरी सोडायला गेलो. त्यांच्या घराच्या जिन्यात मी एक दिवा बसवून दिला होता, माणूस आला की आपोआप लागणारा. आता तो दिवा तिथे नव्हता. त्या जागी साधा बल्ब होता आणि भिंतीवर बटण. पहिलवानाने बटण दाबलं आणि "सुरू झालं गं!" असं ओरडत वर गेला.

धाकटी खाली आली. मी विचारलं, "तो दिवा बिघडला होता का?"

तिने वर बघितलं. तो आत गेल्याची खात्री केली.

"नाही, चांगला होता," ती हळूच म्हणाली. "हे अंधारातच चढायचे, दादा."