शेजारच्या कोठडीतला लमार

हसा, हसा. सातवी नापास म्हातारा अमेरिकेतल्या कोठडीत जाऊन आला म्हटल्यावर हसू येणारच. पण जरा जवळ सरकून बसा.

थंडीतली दुपार. सूनबाईने, सुमेधाने डबा हातात दिला. "बाबा, पलीकडच्या पुरुषोत्तमकाकांना देऊन या. आणि चावटपणा नको!"

हे मला सांगायचं? मी सोबत चादर घेतली. डोक्यावरून पांघरली, मागच्या खिडकीशी उभा राहिलो आणि "हूऽऽ" केलं. इथली घरं म्हणजे एका साच्यातले मोदक. आतून पुरुषोत्तमऐवजी कुणी गोरी बाई किंचाळली.

पोलीस आले. खिशात कागद नाही; इंग्रजी कानाला थोडंफार कळतं, तोंडातून फुटत नाही. गेलो आत. मधुमेहाची गोळी घेतलेली, पोट रिकामं, आणि डबा त्यांच्या टेबलावर.

कोठडीत फिनेलचा वास. डोक्यावर दिवा बारीक गुणगुणत होता. तिन्हीसांजेपर्यंत साखर उतरली, घाम सुटला. तेवढ्यात भिंतीपलीकडून जाड, दमलेला आवाज आला.

"यू ओके, पॉप्स?" म्हणजे, बरा आहेस ना म्हातारबा?

आमच्या कोकणात तिन्हीसांजेला अनोळखी हाकेला ओ देत नाहीत. भूत दोनदाच बोलावतं; तिसरी हाक आली तरच माणूस समजायचं. मी गप्प.

"पॉप्स...?"

गप्पच.

"पॉप्स..."

तिसरी! ओ द्यायला गेलो, तर जीभच हलेना. भिंतीवरून घसरत खाली आलो.

मग तो दार बडवू लागला. धाड्... धाड्... "म्हातारा मरतोय! कुणीतरी या!" घसा फाटला तरी थांबेना.

शेवटी ब्रॅडी नावाचा पोलीस धावत आला. आधीच गोरा, त्यात भीतीने पांढराफटक. त्याने संत्र्याचा रस पाजला. जरा हुशारी आल्यावर मी भिंतीकडे बोट दाखवून म्हटलं, "थँक्यू, शेजारी."

"तिथे कुणी नाही," ब्रॅडी पुटपुटला. "लमार मेल्यापासून बंद आहे ती... त्या दिवशीही तो असाच बडवत होता..."

मुलगा अथर्व सोडवायला आला. गाडीत त्याने सांगितलं, लमार हा काळा तरुण होता, त्याच कोठडीत दम्याने तडफडून गेला. त्याची आई ओडेसाबाई न्यायासाठी कोर्टात झगडतेय. आणि पोलिसांनी शपथेवर सांगितलंय, त्याने हाक मारली नाही, आम्हाला काहीच ऐकू आलं नाही.

"अहो इंजिनियर," मी म्हटलं, "ऐकलं नाही, तर ब्रॅडी 'असाच बडवत होता' कसं म्हणाला?"

अथर्वने गाडी बाजूला घेतली.

आम्ही ओडेसाबाईच्या घरी गेलो. अथर्व दुभाषा झाला. तिने माझे हात धरले. "माझ्या लेकराने हाक मारली तुम्हाला?"

"तीनदा, बाई. इथल्या भुतांना आमचे नियम ठाऊक नाहीत, म्हणून वाचलो."

ती हसली, मग खूप रडली. लमारच्या फोटोपुढे मी डोकं टेकलं. हा उरलेला जीव त्याचाच. सकाळी देवाच्या आधी त्याचं नाव घेतो.

वकिलांनी बोलावल्यावर ब्रॅडी कोर्टात खरं बोलला. खटल्यात धुगधुगी आली. ती कोठडी उघडायला लावली, तर जमिनीवर धुळीचा थर, पाऊल एकही नाही. दाराच्या पत्र्याला मात्र आतून मुठींचे ताजे पोचे. ठाण्याने लगेच दार बदललं.

पण लमार गेला त्या दिवशी ड्युटीवर आणखी दोघं होते. ते अजून तोंड उघडत नाहीत.

परवा ब्रॅडीने ओडेसाबाईला फोन केला. नव्या दारालाही आतून पोचे यायला लागलेत म्हणे...