वाटीभर वास

साडेअकरा वाजले, तशी मेधाने आमटीची वाटी सासऱ्यांच्या नाकाखाली धरली. नरहरी पाटणकरांनी डोळे मिटले.

"मीठ चिमूटभर कमी. गूळ मात्र सढळ हातानं पडलाय."

त्यांच्या गळ्याखाली चिकटवलेल्या पट्टीवरचा आकडा ०.३५ वरून ०.८१ वर गेला.

नरहरी वाईचे आचारी. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो, उष्टा होतो. म्हणून पन्नास वर्षं त्यांनी मीठ वासावरच ओळखलं. आता अन्ननलिकेच्या कर्करोगाने घास बंद झाला होता. पोटात बसवलेल्या नळीतून पातळ अन्न जाई. उरला होता तो वास.

ती पट्टी यायलाही नरहरींसारखीच माणसं कारणीभूत होती. पूर्वी दवाखान्यात प्रश्न विचारत. गिळताना दुखतं का? अशी दहा वर्षं मिळणार असतील, तर ठणठणीत होण्यासाठी त्यातली किती सोडाल? नरहरी प्रत्येक वेळी म्हणत, "तुमच्या कृपेनं बरंय." इतकं करणाऱ्या डॉक्टरांपुढे रडगाणं गायचं कसं? मग नाडी, श्वास आणि घामातली रसायनं वाचून जगण्याची प्रत मोजणारी गुणांकपट्टी आली. एक म्हणजे पूर्ण निरोगी, शून्य म्हणजे मरणासमान.

रुग्णाच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत नवी अन्ननलिका वाढवता येत होती. पण वर्षाला मोजक्याच. रोजचा सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा धरून काढलेली चौदा दिवसांची सरासरी अर्ध्याच्या खाली असेल, त्यालाच ती मिळे. बारा दिवसांनंतर नरहरींची सरासरी होती ०.५२.

मेधाने त्या दुपारी हिशेब मांडला. "बाबा, आता दोन दिवस वाटी नाही."

"आणि मीठ कोण सांगणार?"

"खाऊ आम्ही अळणी. पण तुमचा आकडा उतरला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पट्टी दिवसभर ०.३५ च्या वर गेली नाही.

शेवटच्या दिवशी ते भिंतीला धरत स्वयंपाकघरात आले. "वाटी आण."

"बाबा, एवढा एकच दिवस! मग जन्मभर जेवाल."

"डॉक्टरांनी इतकं केलं माझ्यासाठी. त्यांना खोटं माप घालू?"

तेवढ्यात फोनच्या पडद्यावर त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. शेफाली तांबोळी दिसल्या. "काका, रोज साडेअकराला तुमचा आलेख डोंगरासारखा चढतो. काल सपाट कसा?"

मेधाने मान खाली घालून सगळं सांगितलं. डॉक्टर रागावल्या नाहीत.

"पट्टीला आनंद कळतो," त्या म्हणाल्या, "पण तो कशाचा, हे तिला कळत नाही. अन्ननलिका कुणाला द्यायची ते ठरवणाऱ्या समितीपुढे नुसती सरासरी जाते. हवं तर वाटीची ती वेळ मी नोंदीतून वगळण्याची शिफारस करते. वगळू का, काका?"

"नको," नरहरी म्हणाले. "दिवसातला तेवढाच वेळ मी जगतो. तो कसा पुसायचा? तुमचे उपकार आहेत, डॉक्टर. या वाटीपर्यंत तुम्हीच तर आणलंत मला."

"पण मग तुमची सरासरी अर्ध्याच्या वर जाईल. समितीला मी काय सांगू?"

मेधाने डोळे पुसले आणि निमूटपणे वाटी पुढे केली. नरहरींनी लांब श्वास घेतला. पट्टीवरचा आकडा चढू लागला.

"काही सांगू नका. त्यांना जेवायला बोलवा," ते म्हणाले. "मेधा रांधेल, मी वासावर मीठ सांगेन. पानं वाढा आणि मलाही त्यांच्याच पंगतीला बसवा, रिकाम्या पानावर. मग पहिला घास घ्यायच्या आधी त्यांना एवढंच विचारा, ह्या माणसाला वाढायचं की नाही?"