गोड्या पाण्याखालचा खडक

धाकट्या मावशीला जुळी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात बाळंतिणीची आणि पाहुण्यांची गर्दी, म्हणून सुट्टीत मासोळी आणि तिचा धाकटा भाऊ ढब्बू यांची रवानगी मामाकडे झाली. मासोळी बारा वर्षांची. पाण्यात उतरली की बाहेर यायचं नाव घेत नसे, म्हणून तिला हे नाव पडलं होतं.

मामा काचेच्या तळाची होडी चालवायचा. लोक त्या काचेतून किनाऱ्यालगतचा प्रवाळांचा खडक बघायचे. पण या खेपेला होडी वाळूवर उपडी पडली होती आणि मामा खाटेवर. त्याच्या फुप्फुसांनी हात टेकले होते. आपण फार दिवसांचे सोबती नाही, हे त्यानं पोरांपासून लपवलं नाही.

"खडक मेला," मामाची मुलगी म्हणाली. तिच्याशी वाद घालून कुणी जिंकत नसे, म्हणून सगळे तिला वकील म्हणायचे. "मागच्या महिन्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. त्यानंतर आठवड्यात सगळा पांढराफटक. गावामागच्या तलावाची दारं सांभाळणारा मुकादम गावभर सांगत सुटला, की होडीचं डिझेल गळलं. बंदराच्या साहेबांनी परवाना काढून घेतला."

"परवान्याचं काय घेऊन बसलीस?" मामा धापा टाकत म्हणाला. "मला आता कुठं होडी हाकायचीय? पण ज्या खडकानं आपल्याला पोसलं, तो मीच मारला, असं नाव मागं ठेवून जायचं जिवावर येतं."

त्या दिवशी मासोळीला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तिघांनी लहान होडकं काढलं. खडकाजवळ कुजल्याचा वास येत होता. मासोळीनं बुडी मारली. वरचे प्रवाळ मेलेले, त्यांच्यावर हिरवं शेवाळ. पण कमरेइतकं खाली गेल्यावर तपकिरी, जांभळे, जिवंत! मधली रेघ अशी सरळ, की भिंतीला चुना मारता मारता कुणी अर्ध्यावर सोडून द्यावं.

"डिझेल काय फूटपट्टी लावून मारतं?" वकील म्हणाली.

"तेलही वरच तरंगतं की," ढब्बू म्हणाला.

"तू नक्की कुणाच्या बाजूचा रे?"

"खऱ्याच्या. आणि वल्हं तू मार आता, माझे हात गळाले."

पुढे तलावाचं पाणी समुद्रात आणणाऱ्या कालव्याच्या तोंडाशी तर खालपर्यंत सगळंच मेलेलं. तिथं पाणी इतकं उथळ, की मामाची होडी कधी गेलीच नव्हती. म्हणजे जे आलं, ते कालव्यातून आलं.

त्याच आठवड्यात पुन्हा मुसळधार पाऊस लागला. तो थांबला आणि ऐन ओहोटीला कालवा एकाएकी दुथडी भरून वाहू लागला. तांबडं पाणी खडकावर पसरलं. तिघं पुन्हा होडक्यातून खडकाशी गेली आणि वकीलबाईंनी मासोळीच्या कमरेला दोर बांधला. मासोळीनं एक बाटली वरच भरली. दुसरी तिनं अंगठ्यानं तोंड दाबून तळाशी नेली, तिथं भरली आणि पुन्हा तोंड दाबून वर आणली. प्रवाहानं तिला दोनदा खडकावर घासलं. गुडघा रक्तबंबाळ झाला.

तिघांनी दोन्ही बाटल्यांतलं पाणी जिभेला लावलं. वरचं गोडं, अगदी तलावाचं. खालचं खारट.

"गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं," वकील सावकाश म्हणाली. "भरतीला खडक खोल असतो, हे वरून निघून जातं. ओहोटीला खडकाचं डोकं थेट याच्यात."

"आणि समुद्रातल्या जिवाला हे विषच," मासोळी म्हणाली.

बाटल्या घेऊन तिघं बंदराच्या साहेबांकडे गेली आणि त्यांना तलावावर घेऊनच आली. मुकादम दाराशी बसला होता.

"काका," वकील साखरपेरल्या आवाजात म्हणाली, "एवढा पाऊस झाला, पण बाजारात थेंब शिरला नाही. कसं जमवलंत?"

मुकादम फुलला. "कसब लागतं, बाळ. तलाव काठोकाठ भरू द्यायचा, पूर्ण ओहोटी गाठायची, आणि सगळी दारं एकदम वर! भरतीला उघडलं तर पाणी उलटून बाजारात शिरतं. वडिलांनी शिकवलंय."

"ते कालव्याच्या काठांना बांध नव्हते तेव्हा," साहेब म्हणाले. "बांध घालून वर्षं लोटली. मागच्या महिन्यातही असंच केलंत?"

"असंच की. लागोपाठ चार-पाच ओहोट्या..." मुकादमाची नजर बाटल्यांवर गेली आणि मासोळीनं पुढे केलेली बाटली त्यानं जिभेला लावली.

संध्याकाळी साहेब आणि मुकादम दोघेही मामाच्या खाटेशी आले. यापुढे दारं आधीपासून, थोडी थोडी आणि भरतीलाच उघडायची, असा हुकूम निघाला होता.

"माझ्या हातानं झालं," मुकादम खाली मान घालून म्हणाला. "उद्या बाजारात मीच सांगतो."

"आम्ही मोठी माणसं ऐकीव बोलण्यावर विसंबलो," साहेब म्हणाले. "या पोरांनी पाण्यात डोकं घालून बघितलं. शाबास."

मामानं मासोळीचा हात धरला. "खडक किती उरलाय?"

"खालचा पट्टा, मामा."

"आणि वरचा?"

तिला खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "वरचा गेला."

मामानं मान हलवली आणि हात सोडला नाही.

मुकादम दुसऱ्या दिवशी खरंच बाजारात जाऊन बोलला. खडकाचा वरचा भाग तलावाच्या पाण्यानं मेला, मामाच्या डिझेलनं नव्हे, हे गावाला कळलं. मामा सुट्टी संपायच्या आदल्या रविवारी सकाळी वारला.