देवकोटचा पेला

शके सतराशे सहासष्टातला तो रविवार. देवकोटाच्या बालेकिल्ल्यावर पहाटेची नौबत झडली, धुके तटाखाली सरले आणि वेशीबाहेरचे ख्रिस्ती मंडळीचे लहानसे मंदिर उजेडात आले. पण पाळक दिनकरपंतांच्या जिवाला चैन नव्हते.

पाळक धरून अकरा माणसांची ती मंडळी. वेशीचा म्हातारा राखणदार यमाजी महार तिच्यातला पहिला. दिनकरपंत मात्र जन्माने ब्राह्मण, जहागिरीचे कारभारी अप्पाजीपंत यांचे धाकटे भाऊ. प्रभुभोजनाचा द्राक्षारस सगळे एकाच पेल्यातून घेत, आणि पाळकाने आधी घ्यावा अशी रीत पडली होती. रीत कसली, जुन्या सोवळ्याची पळवाट! मुंजीत आईच्या ताटात झालेल्या मातृभोजनानंतर पंतांनी कुणाचेच उष्टे घेतले नव्हते. हे त्यांना पक्के ठाऊक होते आणि त्याची लाजही वाटे.

अप्पाजीपंतांनी नेमके तेच हेरले. उपासनेआधी दोन शास्त्री साक्षीला घेऊन ते दारात उभे राहिले.

"दिनकर, तू अजून उष्टे घेतलेले नाहीस, हे आज शास्त्रीबुवा डोळ्यांनी पाहतील. मग प्रायश्चित्त घेऊन जातीत परतायला हरकत नाही. श्रीमंत जहागीरदारांची मंजुरी मी आणली आहे. मातोश्री अंथरुणाला खिळल्या आहेत, तुझाच ध्यास घेतला आहे त्यांनी. पण आज उष्टे घेतलेस, तर त्यांचे दर्शन विसर."

"आणि माझी मंडळी?"

"पाळक परतला की चार दिवसांत पांगेल. श्रीमंतांना तेच हवे आहे."

प्रार्थना झाली. पंतांनी पेला उचलला. आईसाठी जीव तुटत होता. मग त्यांनी पेला यमाजीपुढे धरला.

"यमाजीबाबा, आधी तुम्ही."

म्हातारा गडबडला. "पंत, दारात कारभारी हाईत."

"असू देत. घ्या."

पेला दहा जणांच्या ओठांना लागून परत आला, तेव्हा तळाशी घोटभरच रस उरला होता. भावाच्या नजरेला नजर देऊन पंतांनी तो घोट घेतला. अप्पाजीपंत माघारी वळले आणि शास्त्री घाईघाईने त्यांच्यामागे निघाले.

पंतांनी रिकामा पेला खाली ठेवला. यमाजी जवळ आला.

"तुमी आधी का पिता, त्ये तीन सालं समद्यास्नी ठावं हुतं, पंत. म्हनलं, लेकरू हाय, शिकंल."

नवव्या दिवशी मातोश्री गेल्या. निरोप आला नाही. पंतांनी चितेचा धूर नदीच्या अलीकडून पाहिला, आणि त्यांच्याबरोबर सगळी मंडळी तिथे उभी होती.

देवकोटात पाळक अजूनही शेवटी पितो. एखादा नवा पाळक कुरकुरला, तर म्हातारी माणसे म्हणतात, "घोटभर उरतंय की. तेवढं पुरतं."