दासोल घरी जिंकली की...

रायपूरच्या बूढापाऱ्यात, तळ्याकडे वळणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी, एप्रिल लागला की एक बाई टोपलीत तेंदूची फळं घेऊन बसते. चेतनाने नेहमीप्रमाणे तिथे स्कूटी थांबवली, तर पुढ्यात एक उंच मुलगा उभा. हातात एकच केशरी फळ, आणि चेहरा असा की जणू परीक्षेत न वाचलेला प्रश्न आलाय.

"हे सोलायचं असतं का?" त्याने विचारलं. टोपलीवालीला नाही, चेतनाला.

"फोडायचं. आतल्या बिया चोखायच्या. आणि पांढरा शर्ट घालून खायचं नाही."

त्याने आपल्या पांढऱ्याशुभ्र शर्टाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं... आणि फळ फोडलं. चिकट गर आधी बोटांना लागला, मग बाहीला. चेतनाला हसू आवरेना.

"पुण्याचे का तुम्ही?"

"नाशिकचा. का हो?"

"इकडचा पोट्टा तेंदूले असा घाबरत नाही."

ती स्कूटी काढून निघून गेली. वाटेत दोन सिग्नलला आपण अजून हसतोय हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिने ओढणी तोंडावर घट्ट बांधून घेतली. उन्हासाठी, असं तिने स्वतःला सांगितलं.

शंकरनगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात ती पोचली, आणि अर्ध्या तासाने तीच डाग पडलेली बाही तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. विनीता दीदी, म्हणजे इथल्या टीम लीडर, ओळख करून देत होत्या. "चेतना, भावना गई दूसरी टीम में. आजपासून हा ओजस तुझा जोडीदार."

जोडीदार या शब्दाचा त्या ऑफिसात अर्थ अगदी रुक्ष होता. परदेशातले फुटबॉलचे सामने इथे पडद्यावर बघायचे, आणि प्रत्येक पास, प्रत्येक फटका, चेंडू कुणी हिसकावला, कुणी घालवला, हे बटणं दाबून कॉम्प्युटरला सांगायचं. दूरदूरचे क्लब ही माहिती विकत घ्यायचे. एका सामन्याला दोन माणसं, एकेकाकडे एकेक संघ. कानाला हेडफोन लावून दोघांनी एकमेकांना सांगत राहायचं, कारण एकाने घालवलेला चेंडू दुसऱ्याला मिळालेला असतो. आणि भिंतीवर दीदींनी ठळक अक्षरात लावलेला एकच नियम : कुणाची बाजू घ्यायची नाही.

"आवाज येऊन राहिला का?" चेतनाने माइक ओठांजवळ ओढला. सामन्याआधी हे विचारायचंच असतं.

"येतोय," तो म्हणाला. इतक्या जवळून, थेट कानात... तिने उगाच आवाज कमी केला.

पडद्यावर दक्षिण कोरियातल्या दासोल नावाच्या समुद्रकाठच्या शहराचं मैदान उघडलं. क्लब नवा कोरा, व्यावसायिक लीगमधलं पहिलंच वर्ष. खेळाडू केशरी जर्सी घालून धावत आले.

"तेंदू," ओजस हळूच म्हणाला.

त्या सामन्यात दासोलने तीन गोल खाल्ले.

हरण्यात दासोलचा हात कुणी धरला नसता. परगावी जाऊन कधीमधी जिंकायची. पण स्वतःच्या मैदानावर, स्वतःच्या लोकांसमोर, तिचे पाय लटपटायचे. गोलामागच्या स्टँडात एक म्हातारी ढोल घेऊन उभी असायची. चेतनाने तिचं नाव शेवंता आजी ठेवलं, भंडाऱ्याकडच्या तिच्या मावसआजीवरून. पोरं हरली की आजी ढोलाची काठी काखेत धरून टाळ्या वाजवायची. ओजस म्हणायचा, "आजीकडे बघवत नाही." आणि चेतनाला वाटायचं, एखाद्या अनोळखी म्हातारीसाठी ज्याचा जीव हळहळतो त्याच्या शेजारी बसायला मिळतंय, आणखी काय हवं?

हवं तर बरंच काही होतं.

मेअखेरीस रायपूरला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, सुरू झाला. बाहेर डांबर वितळत होतं, आणि पडद्यावर दासोलला पाऊस पडत होता. कॅमेऱ्याच्या काचेवरून थेंब घरंगळत होते, शेवंता आजीने ढोलावर प्लास्टिक घातलं होतं. हेडफोनमधून पावसाचा आवाज दोघांच्याही कानात सारखाच पडत होता. सामना संपला, दासोल हरली, तरी कुणीच हेडफोन काढेना.

"तेलीबांध्याच्या तळ्यावर कॉफी प्यायला येशील?" तो माइकमधूनच म्हणाला. बाजूलाच तर बसला होता.

हो म्हणायचं होतं चेतनाला. पण जिभेला थट्टेची सवय.

"दासोल घरी जिंकली की येईन."

"वचन?"

"हव."

झालं. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा. कारण दासोल काही जिंकेना. जून गेला, गणपती आले नि गेले, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती बाबांबरोबर नागपूरला जाऊन आली. दासोल घरी कधी बरोबरी करायची, कधी शेवटच्या मिनिटाला हरायची. प्रत्येक सामन्यानंतर ओजस फक्त भुवया उडवायचा, आणि ती मान हलवायची. तो मुद्दाम पुन्हा विचारत नव्हता. वचन म्हणजे वचन. हा शहाणपणा त्याला कुणी शिकवला होता, देव जाणे. त्याने एकदा पुन्हा विचारलं असतं तर ती पळत गेली असती.

हिवाळ्यात कोरियातला हंगाम बंद. दोघांना वेगळ्या लीग मिळाल्या, वेगळे जोडीदार, वेगळ्या खोल्या. जिन्यात भेट व्हायची. तो आपल्या डब्यातलं थालीपीठ तिच्या झाकणावर ठेवायचा, ती आपल्या डब्यातला फरा, म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके, त्याच्यापुढे करायची. त्याची बोटं कधी तिच्या बोटांना लागायची, कधी नाही. लागली नाहीत त्या दिवशी ती जास्त आठवायची. मार्च कधी उजाडतो असं तिला जन्मात झालं नव्हतं.

मार्च उजाडला, दासोलचं दुसरं वर्ष सुरू झालं, आणि एक दिवस विनीता दीदींनी तिला बोलावलं. "इथे दासोलच्या सात नंबरने चेंडू घालवला. तू चांगला पास दाखवलास. बाजू ले रही है क्या?"

"चुकलं, दीदी," ती म्हणाली. जगात कुणालाही नसेल इतकी तिला त्या चेंडूची गरज होती, आणि हे ती कुठल्या तोंडाने सांगणार?

ऑक्टोबरात बातमी आली. कंपनीचं निम्मं काम पुण्याच्या मुख्य ऑफिसात जाणार होतं, आणि त्याबरोबर ओजसही. दासोलचा घरचा शेवटचा सामना नोव्हेंबरच्या एका रविवारी होता. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी.

"अट मागे घे ना," तो जिन्यात म्हणाला. शेवटी विचारलंच त्याने.

हेच तर ऐकायचं होतं तिला दीड वर्ष. आणि आता ऐकलं तर ती घाबरली. तिच्या मैत्रिणी म्हणायच्या, बदलीवाल्यांचं प्रेम म्हणजे फलाटावरचा चहा. गाडी सुटली की कुल्हड फेकून देतात.

"माझं आडनाव कधी विचारलं का तू?"

"मेश्राम. तुझ्या खुर्चीमागे चिकटवलंय. दीड वर्ष वाचतोय."

"वाचलं. समजलं का?"

"समजलं." तो हसला नाही. "घरी सांगितलंय मी. आई म्हणाली, मुलगी खाते काय? म्हटलं, माझा डबा. बाबा अजून गप्प आहेत. पण ते काही कायमचे गप्प राहत नाहीत."

"अट अट असते," ती कशीबशी म्हणाली आणि जिना उतरून गेली. खाली येऊन स्कूटीवर बसली, पण किल्ली फिरवायचं तिला सुचेना. इतकं रडू येत होतं.

शनिवारी संध्याकाळी तिचे बाबा, गुलाबराव, अंगणात खुर्ची टाकून बसले होते. रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना लेकीच्या कोरियाचं भारी कौतुक.

"काहून एवढं तोंड उतरलं? तुझी ती टीम पुन्हा हरली का?"

"उद्या आहे, बाबा. घरी कधी जिंकलीच नाही ती."

"मग त्या गावचे लोक येते कायले?"

चेतनाने त्यांना सांगितलं. दासोलला आधी एका कंपनीचा क्लब होता. कंपनीने एक दिवस तो उचलून दुसऱ्या शहरात नेला. लोकांकडे रिकामं मैदान उरलं. नऊ वर्षं ते क्लबाशिवाय होते.

"नऊ वर्षं वाट पाहत बसले?"

"नाही ना. शेवटी दारोदार वर्गणी केली आणि स्वतःचा क्लब काढला."

"हं," गुलाबरावांनी चहाची बशी खाली ठेवली. "म्हणजे आपल्या कॉलनीतल्या विहारासारखं. आम्ही जर म्हटलं असतं, की साहेब जागा देतील मग बांधू, तर आज तिथं पार्किंग असती. रविवारी विटा वाहिल्या, तवा झालं." मग लेकीकडे न बघता म्हणाले, "त्या डब्बेवाल्या पोट्ट्याची गाडी परवा आहे ना?"

ओजसच्या थालीपिठाचा वास घरापर्यंत पोचला होता तर.

रविवारी दासोलला ऊन होतं, आणि आजीच्या गळ्यात केशरी मफलर. सामना शेवटाला आला तरी शून्य-शून्य. चेतनाची बोटं बटणांवर होती, लक्ष कुठेच नव्हतं. दासोलला कॉर्नर मिळाला. खेळाडू चेंडू ठेवायला सावकाश चालत निघाला. ढोल वाजत होता... आणि चेतनाला एकदम वाटलं, आपण आपलं सगळं आयुष्य त्या परक्या पोराच्या पायावर ठेवून बसलोय. कायले?

तिने हेडफोन काढला. "ओजस."

त्याने मान वळवली. त्यानेही हेडफोन काढला.

"नाही जिंकले तरी येते मी."

"कुठे?"

"तेलीबांध्याले. आणि... पुढं कुठंही. आवडतोस तू मले. दीड वर्षापासून."

तो बघत राहिला. डोळे भरून येत होते त्याचे, आणि ते लपवायचं त्याला सुचत नव्हतं. तीही बघत राहिली. टेबलावर ठेवलेल्या हेडफोनमधून कसलातरी बारीक गलका येत होता, पण तो कोण ऐकतो.

"ए!" मागून विनीता दीदींचा आवाज. "गोल हुआ है. पूरा स्टेडियम नाच रहा है, और तुम दोनों की स्क्रीन पे अभी तक कॉर्नर चल रहा है. किसने मारा?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी मारला ते कुणालाच माहीत नव्हतं.

"दोघांपैकी एकाने तरी पाहिला असेल ना?"

दोघांनी मान खाली घातली. दीदींनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग भिंतीवरच्या आपल्या नियमाकडे. "मागे घेऊन पुन्हा बघा," त्या म्हणाल्या, आणि पाठमोऱ्या झाल्यावर त्यांचे खांदे हलत होते.

दोघांनी मागे घेऊन गोल पाहिला. सात नंबरने मारला होता. शेवंता आजी ढोल वाजवायचा विसरून शेजारच्याच्या गळ्यात पडली होती. आणि मग, अगदी शेवटच्या क्षणी, समोरच्या संघाने बरोबरी केली. एक-एक. दासोल घरी जिंकली नाहीच.

"जिंकले नाहीत," ओजस म्हणाला.

"मी काय म्हटलं होतं?"

तेलीबांध्याच्या काठावर त्या संध्याकाळी दोघांच्या कॉफ्या निवून गेल्या. त्याने तिचा हात धरला, तो दिवे लागून गर्दी ओसरेपर्यंत सोडला नाही. सोमवारी गाडी हलली तेव्हा ती फलाटावर रडली नाही. घरी आल्यावर शेजारची खुर्ची आठवली, तेव्हा रडली. गुलाबरावांनी काही विचारलं नाही, पण रात्री जेवताना भाकरीवर तुपाची जास्तीची धार ओढली.

मग हिवाळा. पुणे-रायपूर फोन, अर्धवट झोपेतली बोलणी, त्याच्या बाबांचं हळूहळू सुटणारं मौन. आधी म्हणे त्यांनी विचारलं, मुलीचे वडील रेल्वेत कुठल्या कामावर होते. मग एकदा, त्यांना चहात साखर चालते का. शेजारच्या खुर्चीवर भावना परत आली होती. चांगली होती बिचारी, पण ती ओजस नव्हती, यात तिचा काय दोष?

मार्चमध्ये दासोलचं तिसरं वर्ष सुरू झालं. पहिलाच सामना घरचा. यंदा एक संघ पुण्यातून नोंदवला जाणार होता आणि एक रायपुरातून. जोड्या विनीता दीदींनी लावल्या होत्या.

चेतनाने हेडफोन चढवला. आवाज पूर्ण वाढवला.

"आवाज येऊन राहिला का?"

पलीकडून ओजस तिच्याच बोलीत म्हणाला, "येऊन राहिला."

तिने डोळे मिटले. हजार किलोमीटर लांबून, तरी थेट कानात.

"आज दासोल जिंकली तर—" तो म्हणू लागला.

"अट नको घालू आता. चौदा एप्रिलले ये. जयंती आहे. बाबा म्हणून राहिले, त्या पोट्ट्याले विहारात घेऊन ये."



"काय घालून येऊ?" त्याने विचारलं.

"पांढरा शर्ट."

"आणि तेंदू?"

"येताना खाऊ. डाग पडला तर पडला."

पडद्यावर शेवंता आजीने ढोलावर पहिली थाप मारली, आणि केशरी पोरं धावत मैदानात आली.