संत्री नाक्याच्या अलीकडे

मारिनच्या अंगठ्यात मासेमारीचा गळ रुतला नसता, तर टॅम्सिन त्याच्या वाटेला गेलीच नसती. ती तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीमँटल बंदरात, दवाखान्यात नर्स होती. बाहेर चौदा माणसं खोळंबलेली, आणि बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा हा माणूस तिच्या हातात हात देऊन निवांत बसला होता.

"सावकाश काढा, मला काही घाई नाही."

"मला आहे," ती म्हणाली.

पट्टी बांधून झाली तरी तो हात मागे घेईना. तिनं वैतागून वर पाहिलं, तर तो हसत होता... असा की तिला पुढच्या पेशंटचं नावच आठवेना.

त्या गोष्टीला तीन वर्षं झाली. वैताग काही कमी झाला नव्हता.

आता सोमवारी तिला दूर पूर्वेकडच्या पोर्ट लिंकनच्या दवाखान्यात हजर व्हायचं होतं. तिच्या आईचं गाव, आणि तिला कधीपासून हवी असलेली मोठ्या हुद्द्याची नोकरी. मारिन तिला सामानासकट तिच्याच पिकअपमधून पोचवणार होता आणि विमानानं परतणार होता. पुढं काय, हे त्यानं विचारलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं. तीन दिवसांच्या रस्त्याला आज सहावा दिवस लागला होता, कारण मारिनला प्रत्येक कड्यावर थांबायचं असे. देवमासे दिसतील म्हणून दोन तास. चहा चांगला मिळतो म्हणून एक तास. आणि एकदा तर उगाचच, ढग छान आहेत म्हणून.

शनिवारी दुपारी फाउलर्स बेच्या वळणापाशी पाटी दिसली : पुढे सेदुनाचा तपासणी नाका, फळे नेण्यास मनाई.

"सीटमागच्या पेटीत काय आहे?" टॅम्सिननं विचारलं.

"कुठल्या पेटीत?"

"मारिन."

"संत्री."

"किती?"

"आजीनं दिलीत, तिच्या झाडाची."

"मी किती विचारलं."

"असतील दहाएक किलो."

तिनं डोळे मिटले. "निघताना तीनदा सांगितलं होतं. पलीकडच्या राज्यात फळमाशी जाऊ नये म्हणून नाका असतो, फळं घेऊ नकोस. तीनदा."

"एक्याऐंशीव्या वर्षी शिडीवर चढून काढलीत तिनं, टॅम. ती नाक्यावरच्या कचरापेटीत टाकायची म्हणजे..."

"मग काय करायचं?"

"खायची," म्हणत त्यानं गाडी किनाऱ्याकडं वळवली.

जुलैचं, इथल्या ऐन हिवाळ्यातलं बोचरं वारं, मधूनच तिरपा पाऊस. लाकडी धक्क्याच्या टोकाला दोघं पेटी मध्ये ठेवून बसले. पलीकडं शर्ल नावाची एक म्हातारी पिवळा रेनकोट घालून, गळ टाकून म्हाकुल मासे पकडत बसली होती. मारिननं तिला पिशवीभर संत्री दिली. पंधरा दिवस इथंच मुक्काम आहे, म्हणून तिनं ती आनंदानं घेतली.

"लग्नाला किती वर्षं झाली तुमच्या?" तिनं विचारलं.

"झालेलं नाही," टॅम्सिन म्हणाली.

"हो का? भांडता तर तीस वर्षांचा सराव असल्यासारखं."

मारिन हसला. टॅम्सिन हसली नाही. अकराव्या संत्र्यानंतर तिची जीभ चुरचुरायला लागली होती, आणि हा बाबा एकेक फोड सोलून, बिया काढून तिच्या तळहातावर ठेवत होता. त्याची बोटं गार होती... प्रत्येक वेळी जरा जास्तच वेळ टेकत होती.

"उरलेली उद्या सकाळी संपवू," तो म्हणाला. "आज इथंच राहू या का?"

झालं. टॅम्सिननं हातातली फोड पेटीत टाकली.

"तू मुद्दाम करतोयस. सोमवार उजाडूच नये असं वाटतंय तुला. मग सरळ तोंडानं म्हण ना, जाऊ नकोस."

"नाही म्हणणार."

"का?"

तो पाण्याकडं बघत राहिला. "म्हटलं तर तू थांबशील. आणि दोन वर्षांनी भांडी घासताना तुला ही नोकरी आठवेल. मला तुझं तसलं तोंड बघायचं नाही."

तिचा राग क्षणभर विरघळला, आणि मग दुप्पट झाला.

"आणि तू माझ्याबरोबर यावंस, हे कधी डोक्यातच आलं नाही तुझ्या?"

"आलं की. फेब्रुवारीत, तुझं नोकरीचं पत्र आलं तेव्हाच."

"फेब्रुवारीत?"

"तू ये म्हणाली नाहीस. मला वाटलं, तुला सगळंच नवीन हवं असेल. माणूससुद्धा."

टॅम्सिनला त्याला समुद्रात ढकलावंसं वाटलं. पाच महिने. पाच महिने ती रात्री छताकडं बघत, हा विचारेल, उद्या विचारेल, म्हणून वाट पाहत होती. "आणि आजीचं काय? तिला सोडून येणार होतास?"

"तिनंच मला सोडलंय. गेल्या रविवारी माझी खोली मावशीला देऊन टाकली. मी म्हटलं, अगं, मी आठवड्याभरात परत येतोय. तर म्हणाली, आलास तर दार उघडणार नाही."

"हे तू सहा दिवसांत मला सांगितलं नाहीस."

"प्रत्येक थांब्यावर सांगणार होतो." त्याचे कान लाल झाले. "गाडी थांबवायचो, उतरायचो, तुझ्याकडं बघायचो... आणि तोंडातून निघायचं, ढग छान आहेत."

ते सगळे थांबे टॅम्सिनच्या डोळ्यांपुढून गेले. दरवेळी तो दोन पावलं तिच्याकडं यायचा, घसा साफ करायचा, आणि ती घड्याळ दाखवायची.

"पोरी," शर्लनं पाठमोरीच विचारलं, "तू विचारतेस की मी विचारू?"

टॅम्सिननं दीर्घ श्वास घेतला. "मारिन. येतोस का राहायला? पोर्ट लिंकनला, माझ्याबरोबर. एका शब्दात सांग. ढगांचं नाव काढायचं नाही."

"येतो."

बस्स. एवढंच होतं. एवढ्यासाठी तिनं पाच महिने झोप घालवली होती. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला संताप आला. मारिननं चिकट अंगठ्यानं तिच्या गालावरचे केस मागं सारले. ते तिथंच चिकटले. तो ओठ दाबून हसू आवरत होता.

"हसू नकोस."

"नाही हसत." मग अगदी हळू : "राग गेला का?"

"नाही," टॅम्सिन म्हणाली आणि तिनं त्याच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकवलं. "असू दे थोडा. पुष्कळ वर्षं पुरवायचा आहे."